पाण्यात म्हैस, बाहेर मोल

धर्मग्रामाच्या कचेरीत माणसे बाप्तिस्म्याचा दाखला मागायला, लग्नाची नोंद करायला किंवा मयताची वेळ ठरवायला येतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. परंतु गेली काही वर्षे आणखी एका कारणासाठी माणसे येऊ लागली आहेत. वाडी विकून आलेला पैसा, निवृत्तीनंतर हाती पडलेली पुंजी किंवा आखाती देशातून मुलाने धाडलेली बचत कोठे गुंतवावी, हे विचारायला ती येतात. हातात रंगीत माहितीपत्रक असते. त्यावर हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि हसरे कुटुंब छापलेले असते. प्रश्न बहुधा एकच असतो: "फादर, भाव वाढेल ना?" तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या अभ्यासात या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कोणी शिकविले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात मात्र एक गृहस्थ निराळाच प्रश्न घेऊन आले. त्यांनी वडिलोपार्जित शेताचा तुकडा विकून दोन सदनिका नोंदविल्या होत्या. एक मुलीसाठी आणि दुसरी भाव चढल्यावर विकण्यासाठी. तीन चतुर्थांश रक्कम भरून झाली होती, उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज चालू होते आणि इमारत कित्येक वर्षे खांबांच्याच अवस्थेत उभी होती. ते म्हणाले, "फादर, सातबारा पाहिला होता. वकिलाकडून शोध घेतला होता. साठेखताची नोंदणी केली होती. कागद सगळे बरोबर होते. मग चुकलं कुठं?"

मी त्यांना त्या दिवशी काही सांगू शकलो नाही. परंतु त्या प्रश्नाने मला मुंबईच्या इतिहासातील एका जुन्या प्रकरणाकडे परत नेले. तेथेही कागद बरोबर होते.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि तिकडचा कापूस इंग्लंडात जाईनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या त्या कापसावर चालत. आता त्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला, आणि तो मुंबई बंदरातून जात असे. भाव पाहता पाहता चौपट झाला. त्या चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा सुमारे सात ते आठ कोटी पौंड अधिक आले, असा हिशेब पुढे इतिहासकारांनी मांडला आहे. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस बाजारात नेला अशी आठवण सांगितली जाते. ती सर्वस्वी खरी असो वा नसो, त्या दिवसांची हवा तीतून कळते. सर दिनशा वाच्छा तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. या काळाची आर्थिक हकिकत त्यांनी पुढे १९१० मध्ये पुस्तकरूपाने लिहिली. ज्यांना तपशिलात रस आहे त्यांनी ती अवश्य वाचावी.

एवढा पैसा आला तो जाणार कोठे? गिरण्या अजून बाल्यावस्थेत होत्या. सोने-चांदी घेऊन झाली. मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, जहाज कंपन्या निघाल्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यांतील फारच थोड्या अस्तित्वात होत्या. या सर्वांत लोकांचे डोळे दिपविले ते जमीन कंपन्यांनी, आणि त्यांतही बॅकबे रेक्लमेशन कंपनीने.

कल्पना साधी होती. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंत वळलेल्या उपसागराचा उथळ किनारा भरून काढायचा. बॉम्बे-बरोडा रेल्वेला शहराच्या टोकापर्यंत येण्यासाठी लागणारी पट्टी सरकारला द्यायची आणि उरलेली जमीन कंपनीने विकायची. या योजनेमागे प्रेमचंद रायचंद होते. १८३१ मध्ये जन्मलेला हा सुरतेकडचा दलाल तिशी ओलांडता ओलांडता मुंबईच्या पैशाचा अनभिषिक्त राजा झाला होता. त्यांच्या हातची चिठ्ठी नेली की बँक कर्ज देते, अशी आख्यायिका होती.

या योजनेला वेडेपणा म्हणून हसणे आज सोपे आहे. मला ते रास्त वाटत नाही. मुंबईला जागेची गरज होती, हे अगदी खरे होते. किल्ल्याच्या आत माणसे दाटीवाटीने राहत होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तटबंदी पाडण्याचे काम सुरू झाले ते याच कारणाने. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. घरभाडी आभाळाला भिडली होती आणि कापसाच्या गाठी ठेवायला वखारी अपुऱ्या पडत होत्या. शिवाय समुद्र हटवून जमीन करणे मुंबईला नवे नव्हते. सात बेटांमधील खाड्या बुजवूनच हे शहर उभे राहिले आहे. तेव्हा आजोबांनी पाहिलेल्या चिखलावर नातवाने बांधलेले घर ज्यांच्या नजरेसमोर होते, त्यांनी बॅकबेच्या पाण्यात उद्याची पेठ पाहिली, तर त्यांना मूर्ख कसे म्हणावे?

आता मालकी हक्काचे पाहू. जमीन घेणारा मनुष्य आधी विचारतो: जमीन कोणाची? मुंबईत या प्रश्नाची गुंतागुंत फार जुनी आहे. पोर्तुगीज काळात येथील जमिनी वार्षिक खंडावर दिल्या जात. त्या खंडाला 'फोरो' म्हणत. पुढे भरणी केलेल्या खाजणांना 'फोरास' जमिनी हे नाव पडले आणि फोरास रोडच्या नावात ते उरले. इंग्रजांनी बेट ताब्यात घेतल्यावर जुन्या पोर्तुगीज जमीनदारांचे हक्क कोणते आणि कंपनीचे कोणते, हा तंटा इतका वाढला की १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आँजिए यांना रहिवाशांशी करारच करावा लागला. रहिवाशांनी दरसाल २०,००० शेराफिन भरावेत आणि त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे राहाव्यात, असे ठरले. तरी वाद संपले नाहीत. फोरास जमिनींच्या हक्कांसाठी १८५१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. कज्जे-खटल्यांनी पोळलेल्या मुंबईकराला बॅकबेची जमीन म्हणूनच मोहक वाटली असावी. तिला पूर्वीचा मालक नव्हता. वारस नव्हते, कुळ नव्हते, भाऊबंदकी नव्हती. समुद्राचा किनारा सरकारचा आणि परवानगी देणारे सरकारच. याहून स्वच्छ हक्क तो कोणता?

सरकार तर एक पाऊल पुढे गेले. २,००० शेअरांपैकी ४०० स्वतःसाठी घेण्याचे त्याच्या मनात होते. वरिष्ठांनी ते नाकारले, तेव्हा हे ४०० शेअर लिलावाने विकण्यात आले. दर्शनी किंमत ५,००० रुपये असलेल्या शेअराला सरासरी २६,५०० रुपये आले. एकूण १ कोटी ६ लाख. त्या वेळी बॅकबेत विकण्याजोगी जमीन तयार झाली नव्हती. भरतीचे पाणी होते तेथेच येत होते आणि ओहोटीला परत जात होते. आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. येथे म्हैससुद्धा नव्हती. नुसतेच पाणी होते. पुढे भाव चढत चढत ५०,००० रुपयांच्या घरात गेला.

हा पैसा लोकांनी आणला कोठून, ही या प्रकरणातील खरी मेख आहे. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० मध्ये स्थापन झालेली निमसरकारी पेढी होती. तिच्या जुन्या सनदेत कर्जावर कडक निर्बंध होते. १८६३ च्या कायद्याने ते सैल झाले आणि कंपन्यांचे शेअर गहाण ठेवून कर्ज देण्याची मुभा बँकेला मिळाली. मग चक्र सुरू झाले. शेअर गहाण ठेवायचा, आलेल्या कर्जातून दुसरा शेअर घ्यायचा, तो चढला की तोही गहाण ठेवायचा. शेअराचा भाव चढलेला म्हणून कर्ज मोठे, आणि कर्ज मोठे म्हणून भाव चढता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की शहर श्रीमंत झाले आहे. हिशेबाची वही उघडली असती, तर एकाच रुपयाची पाच ठिकाणी नोंद सापडली असती.

याच्या जोडीला वायदे होते. ठरावीक तारखेला ठरावीक भावाने शेअर घेईन, एवढे तोंडी वा लेखी कबूल करायचे. त्या दिवशी पैसे द्यावे लागत नसत. १८६५ च्या १ जुलैच्या तारखेवर असे प्रचंड सौदे झाले होते. तोपर्यंत भाव वाढणार याविषयी कोणालाच शंका नव्हती. म्हणून त्या दिवशी पैसे कोठून आणणार, हे कोणी कोणाला विचारले नाही. एकीकडे समुद्र भरण्याचे काम वर्षानुवर्षांचे, दुसरीकडे पैसे चुकविण्याची मुदत महिन्यांची. या दोहोंमधील अंतरावर कोणी पूल बांधलेला नव्हता. त्या अंतरावर सारे उभे होते ते केवळ भाव चढत राहील या भरवशावर.

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत जनरल ली शरण गेला. युद्ध संपल्याची वार्ता मुंबईत पोहोचताच कापूस कोसळला आणि त्याच्या मागोमाग सारे काही. एका थोर परक्या देशात शांतता झाली म्हणून आपल्या शहरात आकांत व्हावा, हा इतिहासातला एक क्रूर विनोदच आहे. मे महिन्यात पहिली मोठी पेढी बुडाली. १ जुलै उजाडला तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याकडे पैसे मागत होता आणि कोणाकडेच ते नव्हते. नादारांचे इतके अर्ज येऊ लागले की त्यांच्या निकालासाठी त्याच वर्षी खास कायदा, १८६५ चा अठ्ठाविसावा, करावा लागला. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्या खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेने भांडवलाचा बहुतेक भाग गमावला आणि १८६८ मध्ये ती गुंडाळली गेली. तिच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ निघाली. कापसाच्या ओढीने आलेली माणसे मुंबई सोडून गेली होती.

बुडालेल्यांत केवळ सट्टेबाज नव्हते. कारकून, निवृत्त नोकर, विधवा यांच्या ठेवीही त्यात होत्या. अनेक कंपन्यांनी शेअराची रक्कम एकदम न घेता हप्त्यांनी घेण्याचे ठरविले होते. कंपनी बुडाल्यावर उरलेले हप्ते भागधारकांच्या मानेवर बसले. म्हणजे गेलेला पैसा गेलाच, वर आणखी देणे शिल्लक. प्रेमचंद स्वतः रसातळाला गेले, परंतु १९०६ पर्यंत जगले आणि पुन्हा काही प्रमाणात सावरले. तेजीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. १८७८ मध्ये पूर्ण झालेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे. त्या सगळ्या कोट्यवधींतून जे दान म्हणून दिले तेवढेच डोळ्यांना दिसते, हे नमूद करण्याचा मोह एका धर्मगुरूला आवरत नाही.

आता आश्चर्याची गोष्ट पाहा. ज्या जमिनीवर लोकांनी पैसे लावले, ती जमीन पुढे खरोखरच झाली, आणि तिचे मोल त्यांच्या स्वप्नांपेक्षा अधिक झाले. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने पूर्व किनाऱ्यावर केलेली भरणी सरकारने १८७० च्या सुमारास विकत घेतली आणि १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचा पाया तिच्यावर रचला गेला. म्हणजे बुडालेल्यांचा अंदाज चुकला नव्हता. मुंबई वाढणार, जागा लागणार, भाव चढणार, हे तिन्ही बरोबर ठरले. चुकला तो काळ. ज्याच्यापाशी पन्नास-पाऊणशे वर्षे थांबण्याइतका स्वतःचा पैसा होता, त्याला ते भाकीत उपयोगी होते. उसन्या पैशावर जुलैपर्यंत तग धरू पाहणाऱ्याला नव्हते.

हाच खेळ पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा झाला, आणि या वेळी विकासक स्वतः सरकार होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी कर्ज उभारून बॅकबेच्या १,१४५ एकरांची भरणी हाती घेतली. जमिनीचे भाव तेव्हा युद्धोत्तर तेजीत होते आणि त्याच भावांवर सारे आराखडे बेतले होते. बंदराच्या तळाचा गाळ अपेक्षेपेक्षा निराळा निघाला. गाळ उपसणारे यंत्र ठरल्याप्रमाणे काम देईना. समुद्राकडच्या भिंतीतून भरलेला गाळ बाहेर झिरपू लागला. खर्चाचा अंदाज थोड्याच वर्षांत जवळजवळ दुपटीवर गेला आणि तोवर तेजी ओसरली. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या कारभारावर तोफ डागली. एका अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली, तीतून ते १९२८ मध्ये निर्दोष सुटले. आठांपैकी चारच विभाग पूर्ण झाले. पुढे कित्येक वर्षांनी भरणी झालेल्या भागाला ज्यांनी या योजनेवर टीका केली त्या नरिमन यांचेच नाव मिळाले. नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

अखेर १९३० नंतरच्या दशकात मरीन ड्राइव्हवरील भूखंडांवर इमारती चढल्या. ज्यांनी त्या भाड्याने देण्यासाठी बांधल्या, त्यांनी योग्य वेळ साधली असे कोणालाही वाटले असते. परंतु त्यांच्या मार्गात कायदा आला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सप्टेंबरातील पातळीला बांधून टाकली. भाडेकरूंच्या दृष्टीने तो कायदा आवश्यक होता, हे मी मान्य करतो. गिरणगावातील आणि गिरगावातील असंख्य गरीब कुटुंबे त्यामुळेच डोक्यावर छप्पर राखू शकली. तथापि घर बांधून भाड्यावर जगण्याची कल्पना त्यानंतर मुंबईत फारशी उरली नाही. पागडी आली, आणि मग मालकी हक्काच्या सदनिका आल्या.

सदनिका आल्या तसा जोखमीचा भार पेढीवाल्यांच्या खांद्यावरून उतरून तुमच्या-आमच्यासारख्यांच्या खांद्यावर आला. १८६५ मध्ये न झालेल्या जमिनीचा शेअर विकला गेला. आज न झालेल्या इमारतीतील खोली विकली जाते. कायद्याने सुधारणा केली नाही असे नाही. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने नोंदणीकृत करारनाम्याखेरीज वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यास बंदी केली. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, ती मर्यादा दहा टक्क्यांवर आणली, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामासाठी वापरावेत असे बंधन घातले. १८६३ मध्ये अशी एक ओळ कोणी लिहिली असती, तर बँक ऑफ बॉम्बे कदाचित वाचली असती. एका इमारतीचे पैसे दुसरीत आणि दुसरीचे तिसरीत घालण्याची युक्ती काही आपल्या काळातील विकासकांनी शोधलेली नाही.

ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा मी त्यांना बॅकबेची ही हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग मी विचारले, "नोंदवताना तुम्ही विकासकाला काय काय विचारलंत?" त्यांनी आठवून सांगितले: हक्क कोणाचा, चटई क्षेत्र किती, स्टेशन किती दूर, पाणी कोणत्या योजनेचे, तीन वर्षांत भाव काय होईल. "आणि मधल्या काळात बांधकाम कोणाच्या पैशावर चालणार आहे, हे?" ते थोडा वेळ गप्प राहिले. "ते नाही विचारलं. आणि फादर, बांधकाम थांबलं तर माझा हप्ता मी कुठून भरणार, तेही घरात कोणी विचारलं नाही. बायकोनं एकदा काढलं होतं. मीच तिला गप्प केलं."

दुसरी सदनिका सोडून द्यावी आणि मुलीच्या सदनिकेसाठी तेवढा रेरा प्राधिकरणापुढे अर्ज करावा, असे त्यांनी ठरविले आहे. दुसरीत भरलेले पैसे परत येतील की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. सुनावणीसाठी ते आणि त्यांच्या पत्नी मुंबईला जातात. वसई रोडहून गाडी पकडली की चर्नी रोडच्या पुढे उजव्या हाताला समुद्र जवळ येतो. मरीन लाइन्सपासून चर्चगेटपर्यंत आपली गाडी ज्या अरुंद पट्टीवरून धावते, ती त्या बुडालेल्या बॅकबे कंपनीच्या योजनेतून सरकारच्या हाती आलेली आणि मग रेल्वेला मिळालेली जमीन आहे. भागधारकांपैकी कोणाला तीतली हातभर जागाही मिळाली नाही. मी हे त्यांना सांगितले, तेव्हा बाई म्हणाल्या की आता त्या बाजूच्या खिडकीपाशी बसून एकदा नीट बघतील.